नागपुरात घडणाऱ्या डिस्टोपियन कथेत सरकारचा माणसाच्या शरीरावरचा ताबा खरा कसा वाटेल?

आधी ती मानेतली चिप काढा, भाऊ. २०९० साल, ड्रोन, प्रत्येकाच्या मानेत चिप, असं कथासूत्र तुम्ही प्रश्नात दिलंय. यात नागपूर कुठं आहे?

शरीर ताब्यात जातं ते काउंटरवर. रेशन दुकानातलं पॉस मशीन घ्या. कळमन्याच्या बाजारातल्या हमालाची बोटं पोत्यांनी घासलेली असतात, म्हाताऱ्यांची कातडी कोरडी आणि सैल. रेषांचे उंचवटे झिजले की सेन्सरला ठसा वेगळा ओळखता येत नाही. मग ‘थंब लागत नाही’. ओल्या फडक्यानं बोट पुसा, दुसरं बोट लावा, नाहीच जमलं तर ओटीपी. ओटीपी जातो नातवाच्या मोबाइलवर आणि नातू पुण्याला. दुकानदार या माणसाला बापापासून ओळखतो. तरी मशीनला तो ‘तो’ वाटत नाही, म्हणून ‘उद्या या’. इथं दुष्ट कुणीच नाही, आणि भीती नेमकी त्याचीच वाटते.

लिहिण्याआधी एवढं ठरवा: शरीराच्या कुठल्या भागावर काय मिळतं, तो भाग झिजला तर काय बंद होतं, सूट कुणाच्या सहीनं मिळते आणि त्या सहीवाल्याला वरून कुठलं टार्गेट आहे. टार्गेट विसरू नका. कर्मचारी क्रूर असायची गरज नाही, त्याचा पगार अडलेला असला की पुरतं.

‘हे सगळं परदेशी, आपल्याकडे पटणार नाही’ असं म्हणणारे भेटतीलच. या लोकांशी माझा वाद जुना आहे. तीन मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्याच विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. उत्तरेत तर शिक्षकांनाही ‘केस’, म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणायचे आकडे दिले होते.

राजवटीची भाषा हवी असेल तर कोर्टातले युक्तिवाद वाचा. आधार-पॅन जोडणीच्या खटल्यात मे २०१७ मध्ये ॲटर्नी जनरलांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं की नागरिकाचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क निरपवाद नसतो. खलनायकाच्या तोंडी याहून थंड वाक्य घालून दाखवा! (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, हेही वाचा. नाहीतर कथा एकांगी होईल.)

आणि हो, मी यंत्राच्या विरोधात नाही. अनुदान थेट खात्यात आलं तर मधल्या माणसाचे हात ओले करावे लागत नाहीत. तुमच्या राजवटीनंही लोकांना काहीतरी खरंच चांगलं दिलेलं दाखवा. नाहीतर पंचेचाळीस डिग्रीत इतवारीच्या रांगेत ते उभे कशाला राहतील?