निकालाची वाट बघू नकोस, प्रमाणपत्राची फाईल आजच हलव

तुझी पोस्ट वाचली: बालगृहात राहतोस, बारावी सायन्स, सीईटी दिलेली, सप्टेंबरात अठरा पूर्ण होतील, पुढे काय करू विचारतोयस, आणि बालगृहाचे अधीक्षक म्हणतायत 'अनाथ प्रमाणपत्राचं नंतर बघू, आधी निकाल तर लागू दे.' हे वाचलं आणि राहवलं नाही. मीही बालगृहातलाच.

कॉलेज कुठलं, ब्रँच कुठली, ते तुला इथे शंभर जण सांगतील. मी फक्त कागदाबद्दल बोलतो.

हे प्रमाणपत्र लागतं ते अनाथांच्या एक टक्का आरक्षणासाठी. त्याचा शासन निर्णय २ एप्रिल २०१८चा. स्वतः अनाथ असलेली अमृता करवंदे आणि बाकीच्यांनी ते लावून धरलं म्हणून झालं. पुढे २०२१ आणि २०२३मध्ये नियम बदलले, त्यामुळे माझ्या वेळचं सगळं तुला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. (मी वकील नाही, ताजा निर्णय स्वतः वाच.) पण फाईल जाते त्याच वाटेने: संस्था, बालकल्याण समिती (मुलाला संस्थेत ठेवायचा आदेश काढते ती), जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि शेवटी विभागीय उपायुक्त. यातल्या एका कार्यालयाने माझं वर्ष खाल्लं. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथे कामं पडतात.

मी स्टेशनवर सापडलेला. समितीच्या आदेशात तसं लिहिलेलं. तरी त्या कार्यालयातल्या बाबूंनी लेखी त्रुटी काढली, आई-वडिलांचे मृत्यू दाखले जोडा! ज्यांची नावंच कुणाला माहीत नाहीत त्यांचा दाखला कुठल्या ग्रामपंचायतीत मागायचा? अधीक्षकांनी खुलासा पाठवला, तर टेबल बदललं होतं आणि नव्या माणसाला फाईल पहिल्यापासून बघायची होती. तेवढ्यात मला अठरा पूर्ण झाली. मग उत्तर आलं, 'तू आता बालक नाहीस, समितीकडून ठराव कसा घ्यायचा ते विचारावं लागेल.' कुणाला विचारणार, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॅप राउंड, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या, संपले. ते वर्ष मी कुरिअरच्या गोदामात काढलं, प्रमाणपत्र उशिरा हातात आलं, प्रवेश पुढच्या वर्षी त्यावरच मिळाला.

म्हणून सांगतो, अठराच्या आत संस्थेकडून तुझ्या बाजूने पत्र लिहून घेणं सोपं असतं. नंतर, माझ्या अनुभवात, सगळं त्यांच्या मर्जीवर. अर्जाची पोच शिक्क्यासकट घे, समितीच्या आदेशाची प्रत स्वतःजवळ ठेव, आणि त्यात जन्मतारीख काय आहे ते शाळेच्या दाखल्याशी ताडून बघ. आपल्यातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो, खरी तारीख माहीत नसली की शाळेत तीच लिहितात, तुला माहीतच आहे. आई किंवा वडील हयात असल्याची नोंद असेल तर हे प्रमाणपत्र मिळत नाही. तसं असेल तर त्यात वेळ घालवू नकोस.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. तुझ्या आधारला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? माझ्या बरोबरच्या कितीतरी मुलांच्या आधारला बदली होऊन गेलेल्या काळजीवाहकाचा नंबर होता. ओटीपी त्याच्याकडे, तो गावी, फोन बंद. आधी नंबर बदल. बँक खातंही एकट्याच्या नावावर करून घे.

राहायचं म्हणशील, तर बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ४६मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आर्थिक मदत आहे, अनुरक्षण, म्हणजे अठरानंतरचा आधार, एकवीसपर्यंत मिळतं. त्यासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपये आहेत. त्यात खोलीचं भाडं निघत नाही आणि रक्कम दर महिन्याला येईलच असंही नाही, तरी अर्ज टाक. समाजकल्याणच्या वसतिगृहात अनाथांसाठी जागा असतात. अनुरक्षणगृह (अठरा पूर्ण झालेल्यांना राहायची सोय) माझ्या मते दुसरा पर्याय, कारण माझ्या कॉलेजपासून ते फारच लांब होतं. तुझ्या शहरात असेल तर माझं ऐकू नकोस.

आणि 'आयटीआय कर, लवकर पायावर उभा राहशील' असं कुणी म्हणालं, तर तो सल्ला तुझे मार्क बघून दिलाय की संस्थेतली कॉट रिकामी व्हावी म्हणून, ते ओळख. आयटीआय वाईट नाही, माझा रूममेट त्यावर माझ्यापेक्षा जास्त कमावतो. पण त्याने ते स्वतः निवडलं होतं. वाढदिवसाचे केक घेऊन येणारे, गुणवंतांचे सत्कार करून फोटो काढणारे आपल्याकडे भरपूर. त्यातल्या एकाला तरी विचार, माझ्याबरोबर कार्यालयात येऊन बसता का? मोठं माणूस शेजारी असलं की बाबूंचा आवाज खाली येतो.

जिल्हा कुठला ते मेसेज कर. त्या भागात आधी प्रमाणपत्र काढलेलं कुणी असेल तर गाठ घालून देतो.