ट्रान्स्फर घ्यायची की नाही? आधी डिग्री ऑडिट मागव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात संगणकशास्त्राचं दुसरं वर्ष संपत आलंय, जीपीए (ग्रेडची सरासरी) ४ पैकी ३.९ आहे, आणि आता एका नामवंत खासगी विद्यापीठाने तिसऱ्या वर्षात ट्रान्स्फर देऊ केली आहे. उत्तर द्यायला अडीच आठवडे. आईबाबा म्हणतात, अशी संधी कुणी सोडतं का? आणि तुझं मन धड इकडे नाही, धड तिकडे नाही. (थेट अगंतुगं करतोय, चालवून घे.)

मी २००९ साली अशीच ट्रान्स्फर घेतली होती. पुढे काही वर्षं ॲडव्हायझर, म्हणजे कोर्स निवडायला मार्गदर्शन करणारा, म्हणून काम करताना अशा मुलांचे ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रकं) रोज हाताळले. त्यामुळे रँकिंगबद्दल मी बोलणार नाही. दोन्ही विद्यापीठं चांगली आहेत, तो विषय तिथे संपला.

तू लिहिलं आहेस, 'त्यांनी माझी ५८ क्रेडिट मान्य केली आहेत, म्हणजे दोन वर्षांतच डिग्री होईल.' नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली होती. क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ते तुझ्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, धरलं जाणं वेगळं. समज, तुझा डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स जावामध्ये झाला आणि त्यांच्याकडे तोच कोर्स सी भाषेत, मेमरी मॅनेजमेंटसकट होतो. ते तुझी चार क्रेडिट आनंदाने घेतील, पण 'जनरल इलेक्टिव्ह' म्हणून, म्हणजे मेजरबाहेरचा ऐच्छिक कोर्स म्हणून. कोर्स पुन्हा करावा लागेल. आणि तो झाल्याशिवाय अल्गोरिदम नाही, ऑपरेटिंग सिस्टिम्स नाही, त्यांच्यापुढचं काहीच नाही. त्यातला एखादा फक्त फॉलमध्येच (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात) शिकवत असतील तर एका कोर्सपायी अख्खं वर्ष लांबतं. माझे असे दोन कोर्स अडकले आणि एक सेमिस्टर वाढली. तिची फी कोणत्याही हिशेबात धरलेली नव्हती.

अमेरिकी सरकारच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेचा २०१७ चा एक अहवाल आहे. २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली, असा अंदाज त्यात दिलाय. त्यात सगळ्या प्रकारची कॉलेजं आली, नफ्यासाठी चालणारीही आली, त्यामुळे तुझं एवढं नुकसान होणार नाही. पण शून्यही होणार नाही. शिवाय साधारण १२० क्रेडिटांच्या डिग्रीपैकी निम्मी आपल्याकडेच झाली पाहिजेत, असा नियम बऱ्याच खासगी विद्यापीठांत असतो. तोही विचारून घे.

म्हणून प्रवेश कार्यालयाला विचारत बसू नकोस, त्यांना तू यायला हवी आहेस. थेट विभागाच्या ॲडव्हायझरला मेल कर. प्रत्येक कोर्सचा पूर्ण सिलॅबस जोड, म्हणजे आठवड्यांची आखणी, पुस्तक, असाइनमेंट सगळं. आणि आपल्या नावाचं डिग्री ऑडिट लेखी माग. कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरला आणि काय उरलं, हे त्यात दिसतं. उरलेलं चार सेमिस्टरच्या कोष्टकात स्वतः बसवून बघ. बसलं तर पुढचा विचार. नाही बसलं तर पाचव्या सेमिस्टरचा खर्च धरूनच आईबाबांशी बोल. आर्थिक मदतीचंही तसंच. ट्रान्स्फरवाल्यांसाठी, त्यातही परदेशी विद्यार्थ्यांसाठी, नियम बऱ्याचदा वेगळे असतात. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नकोस, दुसऱ्या वर्षी मदत कोणत्या अटीवर चालू राहते ते वाच.

आता जे कागदावर दिसत नाही ते. जानेवारीपासून एका प्राध्यापिकेच्या प्रोजेक्टवर काम करते आहेस, हे तू एका ओळीत उरकलंस. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. पुढे एमएस किंवा पीएचडीसाठी तीन शिफारसपत्रं लागतात, आणि चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात अर्ज जातात. म्हणजे नव्या ठिकाणी ऑगस्टमध्ये पोचल्यापासून तुझ्या हातात जेमतेम सोळा महिने. तेवढ्यात तीन माणसांनी तुला नीट ओळखायला हवं, आणि तिथल्या लॅबमधल्या जागा पहिल्या वर्षापासूनच्या मुलांनी धरलेल्या असतात. मला मिळालेलं सगळ्यात चांगलं पत्र जुन्या विद्यापीठातल्या सरांचं होतं. ज्यांना सोडून आलो, त्यांनीच हात दिला! थोडं ओशाळायला झालं होतं.

जीपीएचं म्हणशील तर बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत. तुझा ३.९ जुन्या ट्रान्स्क्रिप्टवर राहील, नवा शून्यापासून सुरू होईल, तोही तिसऱ्या वर्षाच्या अवघड कोर्सेसनी.

बाबांच्या 'नावाचा फायदा होतोच' या मुद्द्यावर एक अभ्यास काय सांगतो ते बघ. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला. ज्यांना जास्त नामवंत कॉलेजांत प्रवेश मिळाला पण जे दुसरीकडे गेले, त्यांची पुढची कमाई तिथे गेलेल्यांएवढीच निघाली. गरीब घरातल्या मुलांना मात्र नामवंत कॉलेजचा फायदा झालेला दिसला. अभ्यास पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा आहे, ट्रान्स्फरचा नाही, हे बाबांपासून लपवू नकोस.

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. तुला हवा तो विषय इथे शिकवतच नसतील, किंवा हव्या त्या मेजरला जागाच मिळत नसेल, तर खुशाल जावं. मी गेलो कारण मला ज्या शाखेत काम करायचं होतं ती आमच्याकडे नव्हतीच. सेमिस्टर गेली तरी पस्तावलो नाही. तुझ्या प्रश्नात मात्र असं कारण शोधूनही सापडलं नाही. 'तीनशेच्या वर्गात मी नुसता आकडा आहे', एवढंच आहे. तिसऱ्या वर्षापासून वर्ग तसेही लहान होतात, आणि तुला नावानिशी ओळखणारी एक व्यक्ती तर तुला मिळालीच आहे. आज विचारशील तर माझं मत, राहा. ऑडिट स्वच्छ आलं आणि तिथल्या एखाद्या लॅबने आधीच हो म्हटलं, तर बदलेन.

जायचं ठरलंच तर दोन गोष्टी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस, म्हणजे तुझं सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) जुन्या विद्यापीठाकडून नव्याकडे जातं. त्याची रिलीज डेट, म्हणजे ते सोपवायची ठरलेली तारीख, येईपर्यंत विचार बदलता येतो. त्यानंतर जुन्या ऑफिसच्या हातात काही राहत नाही, आणि नवे वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. तारीख घाईने ठरवू नकोस. आणि नाव काढून घेण्याआधी विचार, लीव्ह ऑफ ॲब्सेन्स (नाव न काढता घेतलेली तात्पुरती रजा) मिळते का, परत यायचं झालं तर पुन्हा अर्ज करावा लागेल का. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पहिल्या ऑक्टोबरात तो विचारायची फार इच्छा झाली होती.

ऑडिट आलं की इथेच टाक, कोणता कोर्स कुठे अडकतोय ते बघू.