जपानीतील भविष्यकाळ आणि ‘देशोऽ’चा अर्थ

प्रश्न असा आहे : इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात ‘जपानी भाषेत भविष्यकाळ नाही’ असे विधान आहे, मग ‘मी रोज जातो’ आणि ‘मी उद्या जाईन’ यांतला फरक जपानी माणूस कसा दाखवतो, आणि त्याच पुस्तकात पुढे भेटणारा ‘देशोऽ’ हा इंग्रजी ‘विल’चा प्रतिशब्द समजावा काय?

पाठ्यपुस्तकातले विधान खरे आहे, पण ते अपुरे आहे. जपानी क्रियापदाला काळाच्या दृष्टीने दोनच रूपे आहेत : घडून गेलेल्या गोष्टीचे ‘इत्ता’ आणि न घडलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीचे ‘इकु’, आदराने बोलताना हीच रूपे ‘इकिमाशिता’ आणि ‘इकिमासु’ अशी होतात. ‘माइनिचि इकु’ म्हणजे रोज जातो आणि ‘आशिता इकु’ म्हणजे उद्या जाईन. फरक ‘रोज’ आणि ‘उद्या’ या शब्दांनी केला, क्रियापद तेच राहिले. तसे पाहिले तर इंग्रजीतही भविष्यकाळाचा प्रत्यय नाही. ‘विल’ हे मुळात ‘इच्छिणे’ या अर्थाचे क्रियापद होते आणि ते पुढे साहाय्यक बनले. म्हणून ‘विल’च्या जोडीचा एक शब्द जपानीत शोधायला निघालेल्या इंग्रजी भाषकाची निराशा होते, आणि दुर्दैवाने इंग्रजी पुस्तकांवर अवलंबून असलेला मराठी विद्यार्थीही त्याच वाटेने जातो. वस्तुतः मराठीत ‘जाईन’ हे स्वतंत्र रूप असूनही आपण ‘मी उद्या पुण्याला जातो’ किंवा ‘थांबा, मी करतो’ असे सहज म्हणतो. पुढे होऊन काम अंगावर घेताना जपानी माणूस ‘वाताशि गा यारिमासु’ म्हणतो, ते नेमके हे ‘मी करतो’ आहे.

येथे क्रियापदांच्या दोन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात. असणे, समजणे, जमणे अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांचे साधे रूप सहसा वर्तमानाचे असते : ‘जिकान् गा आरु’ म्हणजे वेळ आहे. ‘आशिता’ जोडले की ‘उद्या वेळ आहे’, आणि मराठीतही आपण ‘आहे’च म्हणतो. कृती सांगणाऱ्या क्रियापदांचे तसे नाही. ‘इमा ताबेरु’ याचा अर्थ ‘आत्ता खात आहे’ असा नसून ‘आत्ता खातोच’ असा आहे, म्हणजे घास अजून तोंडात गेलेला नाही. चालू क्रियेसाठी ‘ताबेते इरु’ हवे. जपानमधल्या रेल्वे फलाटावर ‘मामोनाकु, देन्शा गा माइरिमासु’ ही घोषणा होते, तेव्हा गाडी दृष्टिपथातही नसते. ‘मामोनाकु’ म्हणजे ‘लवकरच’ आणि ‘माइरिमासु’ हे ‘येते’चे नम्र रूप. या वाक्यात भविष्याचे दुसरे कोणतेही चिन्ह नाही, आणि त्याची गरजही भासत नाही.

आता ‘देशोऽ’. हवामानाच्या अंदाजात ‘आशिता वा आमे गा फुरु देशोऽ’ असे ऐकले की ‘उद्या पाऊस पडेल’ असा अर्थ लागतो आणि ‘देशोऽ’ हाच भविष्यकाळ असावा असे वाटते. परंतु ‘मोऽ त्सुइता देशोऽ’ हे वाक्य घ्या. येथे क्रियापद भूतकाळी आहे आणि अर्थ ‘एव्हाना पोचला असेल’ असा आहे. मराठी ‘असेल’ रूपाने भविष्याचे, पण येथे ते काम करते अंदाजाचे, आणि ‘देशोऽ’चे काम तेवढेच आहे. म्हणून स्वतःच्या ठरलेल्या कृतीला ते जोडू नये. ‘वाताशि वा आशिता इकु देशोऽ’ असे म्हणणारा माणूस स्वतःविषयीच तर्क करत असल्यासारखा वाटतो.

या ‘देशोऽ’च्या अनौपचारिक रूपाचा, ‘दारोऽ’चा, इतिहास मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. अभिजात जपानीत ‘मु’ हे साहाय्यक क्रियापद होते आणि ते इच्छा व तर्क दोन्ही व्यक्त करी. ‘इकामु’चे झिजून ‘इकान्’, मग ‘इकाउ’ आणि शेवटी ‘इकोऽ’ झाले, ज्याचा आजचा अर्थ ‘जाऊ या’ किंवा ‘जावे’ असा आहे. ‘दे आरामु’ याच वाटेने ‘दाराउ’ व पुढे ‘दारोऽ’ झाले. एकाच मुळाच्या दोन अर्थांनी असे दोन संसार थाटले : इच्छा क्रियापदाला चिकटून राहिली आणि तर्क ‘दारोऽ’कडे गेला. 1946 साली काना (जपानी उच्चारानुसारी अक्षरलिपी) लेखनाच्या सुधारणेत ‘इकाउ’ हे जुने लेखन बदलून उच्चाराप्रमाणे ‘इकोऽ’ लिहिले जाऊ लागले, त्यामुळे आधीच्या पुस्तकांत ही झीज अजून डोळ्यांना दिसते.

इच्छेच्या बाजूला मराठी भाषकाला फारच सोपे जाते. ‘इकोऽ तो ओमोउ’ म्हणजे तंतोतंत ‘जावे म्हणतो’. ‘इकु त्सुमोरि’ म्हणजे जायचा बेत आहे, आणि ‘इकु योतेइ’ म्हणजे जाण्याचा कार्यक्रम ठरला आहे. ‘इकु कोतो नि शिता’ म्हणजे जायचे ठरवले, तर ‘इकु कोतो नि नात्ता’ म्हणजे जायचे ठरले. निर्णय कोणी घेतला हे दुसऱ्यात जसे मराठीत झाकलेले राहते तसेच जपानीतही राहते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. वडीलधाऱ्यांना किंवा वरिष्ठांना ‘त्सुमोरि देसु का’ असे विचारणे म्हणजे त्यांचा मनसुबा खोदून काढण्यासारखे आहे. तेथे साधे आदरार्थी ‘इराश्शाइमासु का’ पुरेसे होते.

गौण वाक्यात गोष्ट आणखी रंगते. ‘निहोन् ए इकु तोकि, कामेरा ओ काइमाशिता’ या वाक्यात कॅमेरा जपानला पोचण्याआधी घेतला आहे. ‘निहोन् ए इत्ता तोकि’ म्हटले की तो जपानमध्ये घेतला. दोन्ही घटना भूतकाळातल्याच आहेत, पण खरेदीच्या क्षणी जाणे पूर्ण झाले होते की नव्हते, एवढेच ही रूपे सांगतात. इंग्रजी भाषक दोन्हीकडे भूतकाळ वापरतो आणि अर्थ बिघडवतो. ‘जपानला जाताना’ आणि ‘जपानला गेल्यावर’ असे वेगळे बोलणाऱ्याला हा भेद लगेच उमगतो. ‘उद्या पाऊस पडला तर जाणार नाही’ हेही तसेच. जपानीत ते ‘आशिता आमे गा फुत्तारा इकानाइ’ असे होते, आणि ‘फुत्तारा’ हे आपल्या ‘पडला तर’प्रमाणे भूतरूपावरच उभे आहे.

नकाराचा मुद्दा पुस्तकांत बहुधा घाईने उरकलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. ‘जेवण झाले का?’ या अर्थाने ‘मोऽ ताबेमाशिता का’ असे कोणी विचारले आणि आपले व्हायचे असेल, तर ‘ताबेमासेन्’ असे उत्तर देऊ नये. त्याचा अर्थ ‘मी जेवणार नाही’ असा होतो आणि यजमानाला तो नकार वाटतो. ‘मादा देसु’ किंवा पूर्ण वाक्यात ‘मादा ताबेते इमासेन्’ म्हणावे, म्हणजे ताट वाढले जाईल.