सुट्टी विकायची नाही

पोरी,

परवा तू पुस्तक परत द्यायला आलीस, ते न वाचताच. दारातच म्हणालीस, "काका, पान उघडलं की चोरी केल्यासारखं वाटायलंय." मग पायरीवर उभ्या उभ्याच बाकीचं सांगितलंस. वडिलांचा उजवा हात अजून उचलत नाही, चुलत्यांना वाटणीची घाई झालीय, आईचं आणि भावाचं दिवसाआड वाजतं, आणि मेडिकलवरून तुझी सुटका रात्री नऊला. जाता जाता विचारलंस, "ताण कसा घालवायचा, असं एखादं पुस्तक आहे का?" मी "बघतो" म्हणालो. बघितलं. दोन आहेत, निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी कागदात बांधून दिलेली. ती तुला देणार नाही.

आज पहाटे साडेचारला जाग आली. मुक्कामी गाडी काढायची वेळ, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अंगातून जात नाही. पडल्या पडल्या तुझं ते 'चोरी' आठवलं आणि राग आला. तुझा कमी, माझाच जास्त. म्हणून लिहायला बसलो. समोर बसून बोललो असतो तर मी आवाज चढवला असता आणि तू "हो काका, हो काका" करून निघून गेली असतीस.

एकच सांगायचंय. सुट्टी विकायची नाही.

हा आमच्यातला शब्द आहे. १९८१ साली मी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो. आम्हाला कॅलेंडरातला रविवार नसायचा, माझा रविवार बरीच वर्षं मंगळवारी यायचा. आठवड्याला तेवढी एक सुट्टी. पण माणूस कमी पडला की त्या दिवशीही ड्युटी लावून घेता यायची, वरचे पैसे मिळायचे. ज्यानं लावून घेतली त्यानं ऑफ विकला, असं आम्ही म्हणायचो. पोरीचं लग्न काढलेला विकायचा, कर्जात रुतलेला विकायचा, बाटलीसाठी विकणारेही होते. १९८९ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांवरून वारं गेलं, तुझ्या वडिलांसारखंच, उजव्या बाजूनं. मीही विकायला लागलो.

अडीच वर्षं विकत होतो. वर्षाचे बावन्न धर, त्यातले चाळीस तरी गेले असतील. वाटायचं, घरासाठी झिजतोय. पण घरी मी असायचो कुठं? असलो की झोपलेला, जागा असलो की कातावलेला. वडील पोथी वाचणारे. श्रावणात आमच्या ओसरीवर पांडवप्रताप लागायचा, शेजारची पाच-सात माणसं ऐकायला येऊन बसायची. हात गेल्यावर त्यांना पान उलटेना, जीभही जड झालेली. त्या शेवटच्या श्रावणात मला म्हणाले, एक अध्याय तू वाचून दाखव. मी म्हणालो, येत्या ऑफला. तो ऑफ विकलेला होता, हे म्हणतानाच मला माहीत होतं. त्याच्या पुढचाही विकलेला होता. दिवाळीच्या आधी ते गेले.

तू म्हणशील, पैसा तर लागतच होता ना. लागत होता. त्या पैशातून ओसरीवर पत्रे पडले आणि धाकट्या बहिणीला शिवणयंत्र आलं. ते यंत्र अजून चालतं, तिच्या पोरांच्या फिया त्याच्यावरच निघाल्या. हे मी लपवत नाही. पण त्यातले दहा ऑफ हातात ठेवले असते तर पत्रे एक पावसाळा उशिरा पडले असते, एवढंच. हा हिशोब मी पस्तीस वर्षं मांडतोय. दर वेळी उत्तर तेच येतं.

आता तुझ्याकडे बघू. तुमचं मेडिकल रविवारी दुपारनंतर बंद असतं, मला ठाऊक आहे, गोळ्यांना येऊन दोनदा हात हलवत परत गेलोय. म्हणजे एक वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत पाच तास तुझे. त्यात तू काय करतेस? फोन घेऊन बसतेस. भावकीच्या ग्रुपवर कोण काय बोललं, चुलत्यानं कुणाला अंगठा दाखवला, आत्यानं ते वाचून उत्तर का दिलं नाही. तूच सांगितलंस हे. याला घराची काळजी म्हणत नाहीत. तूही सुट्टी विकतेच आहेस की, आणि तीही फुकट. मला निदान पैसे तरी मिळायचे.

वडिलांच्या उशाशी पाच तास तोंड पाडून बसलीस म्हणून त्यांचा हात बोटभर वर येणार नाही. गोळ्या वेळेवर, हाताचा व्यायाम सांगितलाय तेवढा रोज, त्यात कसूर नको. ते झालं की ऊठ. आजारी माणसाला सगळ्यात जड काय होतं, माहितीय? समोरच्याचं सुतकी तोंड. माझ्या वडिलांनी अडीच वर्षं माझं तोंड बघितलं.

पाच तासांत करायचं ते फार नाही. बाजारात हरभऱ्याचा टहाळ आलाय. एक पेंडी घे, गच्चीवर दोन गोवऱ्या पेटव आणि हावळा भाज. बोटं काळी, ओठ काळे, होऊ देत. वडिलांचं जेवण आता सुरळीत आहे म्हणालीस ना, मग त्यांच्यापुढंही ताटली ठेव आणि घाटे डाव्या हातानं सोलू दे, अधूनमधून उजवा लावू दे. त्या रबरी चेंडूपेक्षा बरं. हुरड्याच्या तिकीट लावलेल्या पार्ट्या सोड, तो हुरडा फोटोसाठी असतो. ज्वारीची 'परभणी मोती' आणि 'परभणी शक्ती' अशी वाणं ज्या गावाच्या नावानं निघाली, त्या गावातल्या माणसानं कणसाला पैसे मोजून ताटकळत बसावं, हे मला पटत नाही. मैत्रिणीच्या शेतात आगटी पेटली की हक्कानं जायचं. ऊन कलल्यावर कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं सायकल घेऊन एक चक्कर मार. नाहीतर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनावर बाकावर बस. एक फाटा परळीकडे, एक मनमाडकडे, एक पूर्णा-नांदेडकडे, जाणारी माणसं बघत बसायची. एसटीच्या माणसानं रेल्वेचं कौतुक करू नये, पण बाक त्यांचे चांगले आहेत.

आणि पिशवीत पुस्तक. कामाचं नको. स्पर्धा परीक्षेचं नको, यशस्वी कसं व्हावं ते नको, ताण कसा घालवावा तेही नको. औषध म्हणून वाचलेलं पुस्तक औषधासारखंच लागतं, कडू, आणि डोस संपला की विसरलं जातं.

ज्यांच्या नावाच्या सभागृहात तू शाळेच्या गॅदरिंगला नाचलीस, त्या बी. रघुनाथांचं एक तरी पान वाचलंयस का? सातोन्यात १९१३ साली जन्म, परभणीत सरकारी कचेरीत कारकुनी, आणि १९५३ साली गेलेसुद्धा. चाळीस वर्षांचा माणूस. वर निजामाचं राज्य, कारभार उर्दूतला, दिवसभर फायली. कविता, कथा, कादंबऱ्या, सगळं त्यातूनच काढलेलं. नोकरीतून मोकळं झाल्यावर लिहू म्हणाले असते तर तुझ्या-माझ्या हाती एक ओळ लागली नसती. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांचा कवितासंग्रह ते गेल्यावर आला.

पण पहिलं पुस्तक मी तुला रा. रं. बोराडे यांचं देणार आहे, 'पाचोळा'. १९७१ ची छोटी कादंबरी. एका शिंप्याच्या घराची पडझड आणि ती सांगतेय त्या घरातली बाई, आपल्या इकडच्या बोलीत. घरात आधीच रडारड, त्यात हे कशाला, म्हणशील. तुझ्या घरातलं भांडण तुला वाचता येत नाही, कारण त्यात तू उभी आहेस. दुसऱ्याच्या घरातलं शांत बसून वाचता येतं. बाप कशावरून चिडला आणि खरा कशाला भ्यालाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळलं ते 'पाचोळा' वाचताना. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तुझे आहेत अजून.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मात्र झपाट्यानं संपवायचं नाही. ते महिन्यामहिन्यानं लिहिलंय, जो महिना चालू असेल तेवढाच वाचायचा. आणि ज्या आठवड्यात पाच तासांची पाच मिनिटं होतात, त्या आठवड्यासाठी 'लीळाचरित्र'. चक्रधरस्वामी पैठणपासून गावोगाव पायी हिंडले, त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, साडेसातशे वर्षं होत आली त्याला. कितीतरी लीळा चार-सहा ओळींच्या, दूध तापेपर्यंत एक होते. भाषा अडेल. अडू दे, तळाला टिपा असलेली प्रत घे. ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, ते आधी विचारून ठेव. नाहीतर नेमकी रविवारी दारात जाऊन उभी राहशील आणि मग तेच निमित्त करून पुन्हा ग्रुप उघडशील.

माझ्याविषयी तुझ्या कानावर एक गोष्ट येईल, किंवा आली असेल, म्हणून मीच सांगतो. वडील गेल्यावर मी ठरवलं, आता एकही ऑफ विकणार नाही. पुढं पंचवीस वर्षं नाही विकला. २००८ साली आमच्या शेताची मोजणी निघाली, नेमकी मंगळवारी. तिघे भाऊ बांधावर आणि मी नाही. मी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर, पिशवीत पुस्तक आणि दशम्या. माझ्या वाट्याला ओढ्याकडची पट्टी आली. भावकीत म्हणतात, ऑफच्या नादात यानं जमीन घालवली. घालवली नाही, होती तेवढीच आली, गुंठा-दोन गुंठे इकडंतिकडं. मी तिथं उभा राहून तरी काय करणार होतो, टेप धरणार होतो का? आणि मी आधीच कळवलं होतं की बुधवारची तारीख घ्या. कळवलं होतं, त्याला साक्षीदार आहे. धाकटा तेव्हापासून बोलत नाही. ओढ्याकडची जमीन तशी वाईटही नाही, ओल टिकते. सहीपुरतं तरी जायला हवं होतं, असं एखाद्या रात्री वाटतं. मग पुन्हा वाटतं, एकदा गेलो असतो तर दुसऱ्यांदाही गेलो असतो, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंही नसतं.

असो. मोजणीला तू जा. मी काय म्हणतोय ते कळलं ना? घर जळत असताना पुस्तक वाच, असं मी म्हणत नाही. पण तुमचं घर जळत नाहीये, धुमसतंय, आणि ते वर्षभर धुमसणार आहे. वाटणी लगेच होणार नाही, हातात बळ हळूहळू येईल. सगळं निवल्यावर वाचू म्हणशील तर तोवर तू माझ्यासारखी कातावलेली होशील. सुट्टी विकायची नाही.

इथवर लिहिलेलं तुझ्या काकूला वाचून दाखवलं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा ऑफ मंगळवारी. मपला कोणत्या वारी होता?"

मला उत्तर देता आलं नाही. घाटावरच्या त्या दशम्या पहाटे कुणी केल्या होत्या? मी वाचत बसायचो तेव्हा पाणी कोण भरत होतं? इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि मी पुस्तकात असेन.

म्हणजे मी वर लिहिलं त्यात खोट आहे. तू पोरगी आहेस. तू दुपारी पुस्तक उघडलंस की घरातलं कुणीतरी म्हणणार, भांडी तशीच पडलीत. तुला चोरी वाटते ती पुस्तकाची नाही, भांड्यांची आहे. हे मला परवा पायरीवरच कळायला हवं होतं. गंगाखेडच्या जनाबाईला तरी कुठं सुट्टी होती? नामदेवांच्या घरची दासी, दळण, कांडण, शेण, पाणी. पण तिच्या अभंगांत बघ, तिनं विठ्ठलाला जात्यावर बसवलंय, गोवऱ्या वेचायला लावलंय. आपण तिला भक्ती म्हणून हात जोडतो. मला आज वाटतं, बाईनं काम वाटून घेतलं होतं. तिनं देवाला जात्याशी बसवलं, तर तुला भावाला गॅसपुढं उभं करायला काय जातंय? दहावी झालेला घोडा आहे. रविवारची भांडी आणि चारचा चहा त्याचा, हे आईच्या देखत ठरव. आईशी त्याचं वाजतं ते बरंचसं रिकामपणाचं आहे, हे माझं मत. चहा बिघडेल. पिऊन घ्या.

'पाचोळा' वर्तमानपत्रात गुंडाळून मीटरच्या पेटीवर ठेवलाय. शनिवारी दुकान सुटलं की घेऊन जा, बेल वाजवू नकोस. खाली लाल कापडात पांडवप्रतापाची पोथी आहे, माझ्या वडिलांची. टाईप मोठा आहे. तुझ्या वडिलांना ऐकायचं असलं तर वाच, नसलं तर तशीच परत आण, घाई नाही.

रविवारी दुपारी मात्र आमच्याकडं येऊ नकोस. काकूचा ऑफ आहे. स्वयंपाक मी करणार आहे, आणि तो कुणी बघू नये.

तुझा,
काका