त्याने तुझ्याकडे गाणं मागितलंय

"ताई, सात महिन्यांपूर्वी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला अपघात झाला. त्या दिवशी 'आजच्या आज ये' असा हट्ट मीच धरला होता. मणक्याला मार बसलाय, कमरेखाली हालचाल नाही. तो चालायला लागेपर्यंत एक वेळच जेवायचं आणि गायचं नाही, असं मी देवाला सांगितलंय. नोकरीही सोडली. तो मला दोनदा म्हणाला, 'काहीतरी गा ना.' मी गायले नाही. परवा 'ब्रेकिंग द वेव्हज' पाहिला. बेसने नवऱ्यासाठी स्वतःला संपवलं आणि तो उभा राहिला. माझा त्याग कमी पडतोय का? कधी कधी वाटतं, देवाने माझा जीव घ्यावा आणि त्याला बरं करावं."

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ आधी घेते. तू फार थकली आहेस, आणि इतकं थकल्यावर असं वाटू शकतं. पण हे एकटीने मनात ठेवून बसायचं नाही. हे वाचून झालं की आजच एका माणसाला ते शब्द जसेच्या तसे सांग. आई, बहीण, मैत्रीण, जे कोणी तुझं असेल त्याला. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर तुला नाव सुचवतील. स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर त्या क्षणी कोणाला तरी हाक मार आणि सरळ इस्पितळ गाठ.

आता सिनेमा. लार्स फॉन त्रिअरचा हा 1996 चा सिनेमा मीही पाहिलाय, आणि त्यानंतर दोन दिवस मला धड झोप लागली नव्हती. म्हणून तुला काय झालं असेल ते कळतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं 1970 च्या दशकातलं ते कर्मठ गाव, चर्चमध्ये घंटासुद्धा नाही. बेस देवाला विनवते, माझ्या नवऱ्याला, यानला, तेलविहिरीवरून घरी पाठव. तो येतो, पण जायबंदी होऊन. आपणच हे मागून घेतलं, असं तिच्या मनाने घेतलं. तुझा 'आजच्या आज ये' मला तिथेच आठवला.

पण एक गोष्ट बघ. बेस देवाशी बोलते तेव्हा देवाची उत्तरं कोण देतं? तीच. बेसचं काम करणारी एमिली वॉटसन आवाज जड करते, दटावल्यासारखं बोलते, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा घाबरलेली बेस होते. त्या गावात आयुष्यभर जे धाक तिने ऐकले, तेच तिच्या तोंडून देव होऊन बाहेर पडतात. माझीही देवावर श्रद्धा आहे, म्हणूनच विचारते: 'अजून दे, एवढ्याने भागणार नाही' असं तुला जे ऐकू येतं, तो आवाज कोणाचा आहे? मला तरी तो तुझ्या अपराधीपणाचा वाटतो. तू बोलावलंस, कारण तुला त्याला भेटायचं होतं. प्रेमाच्या माणसाला 'ये' म्हणणं हा गुन्हा नव्हे.

शेवटी आभाळात घंटा वाजतात, आणि तू तिथे फसलीस. त्या घंटा दिग्दर्शकाने वाजवल्या आहेत. यान पुन्हा उभा राहिलेला बेसने पाहिलाच नाही, ती त्याआधीच गेली. मला त्या सिनेमात डोडो जास्त जवळची वाटते, बेसची नर्स असलेली वहिनी. ती चिडते, भांडते, बेसला परत परत अडवते. पुरताना गावचे कर्ते पुरुष बेसला नरकात धाडायला निघतात, तेव्हा त्यांना तोंडावर सुनावणारीही तीच. तुझ्याभोवती अशी एक डोडो हवी. असेल, तर तिच्यावर रागावू नकोस.

आणखी एक. यानने बेसकडे जे मागितलं, परक्या पुरुषांकडे जा आणि मला येऊन सांग, ते भयंकर होतं, औषधांच्या गुंगीत मागितलेलं. तुझ्या माणसाने काय मागितलं? एक गाणं. दोनदा. सात महिने तो छताकडे बघत पडलाय, त्याचं शरीर त्याचं ऐकत नाही, आणि ज्या एका गोष्टीची त्याला तहान आहे ती तू त्याच्याच नावाने बंद करून ठेवलीस. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण तुझ्या त्यागात उपास त्यालाही घडतोय.

एक वेळच्या जेवणाचंही तेच. अशा माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. उचलायला, सरकवायला, व्यायाम करून घ्यायला अंगात ताकद लागते. सुधारणा किती होईल हे मज्जारज्जूला इजा कुठे आणि किती झाली यावर ठरतं. तू किती उपाशी आहेस यावर नाही. हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचार. उत्तर कदाचित कडू असेल. तो कधीच चालणार नाही असं निघालं तर त्याच्याबरोबर राहायचं की नाही, हेही तुला ठरवावं लागेल, आणि दोन्हीपैकी काहीही ठरवलंस तरी तू वाईट ठरत नाहीस. पण ते आज नको. आधी पोटभर जेव, झोप, आणि जमलं तर नोकरीचं पुन्हा बघ.

दिलेला शब्द मोडायची भीती वाटत असेल, तर देवालाच सांग की मी हा शब्द घाबरून दिला होता, आता परत घेते. माझा देव तरी एवढं समजून घेतो.

मग त्याच्याकडे जा. त्या दिवशीच्या हट्टाबद्दल तुला काय वाटतं ते त्याला सांग. सात महिन्यांत तू ते त्याला एकदाही बोलली असशील असं पत्रावरून वाटत नाही. त्याचं म्हणणं ऐकून घे. आणि गा. आवाज बसला असेल, कापेल, मधेच रडू येईल, येऊ दे. शब्द विसरलीस तर त्यालाच विचार. त्याला पाठ असतील.

तुझी,
ताई