मुलीला पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालू का?

नमस्कार,

उरणहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला गुण बरे आहेत. तुमचं म्हणणं असं की सरकार आता समुद्रात तेल शोधायच्या मागे लागलंय, तेव्हा पेट्रोलियमवाल्यांना मरण नाही. तिचे मामा म्हणतात, दहा वर्षांत सगळं विजेवर चालेल, तेलाला कोण विचारतो? या दोघांत पोरगी गप्प बसली आहे.

आधी राजकारणाचं बघू, कारण तुमचा भरवसा त्यावर आहे. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी उद्दिष्ट जाहीर केलं होतं की देशाला लागणाऱ्या तेलातला आयातीचा वाटा ७७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत ६७ वर आणायचा. झालं उलटंच, आज तो ८५ च्याही वर आहे. विरोधक याला सरकारचं अपयश म्हणतात, सरकार आधीच्यांच्या धोरणांकडे बोट दाखवतं. माझ्या मते बरंचसं कारण जमिनीखाली आहे. मुंबईजवळच्या समुद्रातलं 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र १९७४ साली सापडलं, १९७६ पासून तेल देतंय. एवढ्या वर्षांत दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी जास्त येऊ लागतं. २०११-१२ मध्ये देशात साधारण ३ कोटी ८० लाख टन कच्चं तेल निघालं होतं, २०२३-२४ मध्ये २ कोटी ९४ लाख टन. वापर मात्र वाढतच गेला.

१५ ऑगस्ट २०२५ च्या भाषणात खोल समुद्रातल्या शोधमोहिमेची घोषणा झाली. ती यशस्वी व्हावी असं मलाही वाटतं. पण राजस्थानातलं मंगला तेलक्षेत्र २००४ मध्ये सापडलं आणि तेल यायला २००९ उजाडलं, तेही जमिनीवर. खोल पाण्यात याहून जास्त वेळ जातो. आज शोध लागला तरी तिथलं काम भरात येईपर्यंत तुमची मुलगी तिशीत असेल.

दुसरं म्हणजे, या धंद्यातली भरती कच्च्या तेलाच्या भावाबरोबर वर-खाली होते. २०१४ मध्ये पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता, २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली गेला. जगभरच्या तेल कंपन्यांनी माणसं कमी केली आणि त्या वर्षी पास झालेली मुलं हुशार असूनही हात चोळत बसली. सरकारी कंपनीत हा झटका कमी बसतो, पण तिथल्या जागा मोजक्या असतात.

मामांचं दहा वर्षांचं गणित मला पटत नाही. विमानं, जहाजं, प्लास्टिकचा कच्चा माल यांना तेल लागणारच. मात्र मुलगी निवृत्त होईल तोवर २०६५ च्या आसपास आलेलं असेल आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच काढून घेण्याचं, वचन देशानं दिलेलं आहे. तेवढी सगळी वर्षं फक्त तेलाच्या भरवशावर काढायला मी तरी सांगणार नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली: 'तिला दगड गोळा करायचा नाद आहे, घरात पसारा करते.' अहो, हेच तर महत्त्वाचं आहे! रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदायच्या मनोऱ्यावर, विहीर खोदताना चिखलासारख्या ड्रिलिंग मडबरोबर खडकाचे कण वर येतात आणि हलत्या चाळणीवर पडतात. भूवैज्ञानिक ते उचलतो, धुतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, मग अतिनील प्रकाशात बघतो. तेलाचा अंश असेल तर कण चमकतात. खाली कुठला थर लागलाय, हे त्या चिमूटभर चुऱ्यावरून कळतं. पसारा करणाऱ्या पोरीला हे काम आवडेल असं मला वाटतं.

म्हणून माझा कल भूगर्भशास्त्राकडे आहे. मुंबईत झेविअर्सला, पुण्यात फर्ग्युसनला बीएस्सीसाठी हा विषय आहे. पुढे 'जॅम' ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबई किंवा धनबादला एमएस्सी करता येते. 'गेट' या एमटेक प्रवेशाच्या आणि सरकारी कंपन्यांतल्या भरतीच्या परीक्षेत भूविज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. तेल कंपन्यांची दारं उघडी राहतातच, शिवाय भूजल, खाणी, बोगदे, भूऔष्णिक ऊर्जा (जमिनीखालच्या उष्णतेपासूनची) हीही क्षेत्रं हाताशी राहतात. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनंच भूऔष्णिक ऊर्जेचं काम हाती घेतलंय. तिला यंत्रांचीच ओढ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी मेकॅनिकल किंवा केमिकल करावं, पेट्रोलियमचं शिक्षण नंतर घेता येतं.

आणखी एक, कारण ते मला टोचतं. मे २०२० मध्ये आसामातल्या बाघजानला गॅसच्या विहिरीतला दाब आवरला नाही, गॅस बेफाम बाहेर उसळला, पुढे आग लागली, दोन अग्निशामक जवान गेले, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. तेल-गॅस देशातच काढा म्हणणाऱ्यांनी त्या गावांचं ऐकायला हवं. 'हा दाब बरोबर नाही, काम थांबवा' असं वरिष्ठांना सांगणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. तुमची मुलगी तिकडे गेलीच तर तिच्यात ते धैर्य असावं.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी तिला एखाद्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात घेऊन जा, खडकांचे नमुने हाताळू द्या, तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलू द्या. मामांना नेऊ नका. आणि पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा. तिला काय हवंय, हे मला अजून तिच्या तोंडून कळलेलं नाही.