एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली हरलं की बाहेर अशी फुटबॉल स्पर्धा, जिंकणारा संघ त्याच हंगामात लीगमधून खालच्या श्रेणीत गेलाय, असं कधी झालंय का?

हो, झालंय. 2012-13 चा हंगाम, संघ विगन ॲथलेटिक. कप आणि रेलिगेशन (खालच्या श्रेणीत घसरण) एकाच हंगामात वाट्याला आलेला हा पहिलाच संघ.

लीगमध्ये तळाशी गटांगळ्या खाणारा हा संघ कपात मात्र सुसाट सुटला होता. उपांत्यपूर्व फेरीत एव्हर्टनला त्यांच्याच मैदानावर 3-0 हरवलं, तेही चार मिनिटांत तीन गोल करून!

11 मे 2013, लंडनच्या वेम्बलीवर अंतिम सामना, समोर मँचेस्टर सिटी. आपल्याकडे पावणेदहाला मॅच सुरू. सिडकोत मामाच्या गच्चीच्या खोलीत आम्ही चौघं, उकाड्याने जीव नकोसा झालेला, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि ते भरायला कुणी उठेना. 84व्या मिनिटाला सिटीच्या झाबालेताला लाल कार्ड. मग भरपाईच्या वेळेत विगनच्या मलोनीचा कॉर्नर आणि बदली म्हणून आलेल्या बेन वॉटसनचं हेडर. 1-0. नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बसलेला माणूस हा! आम्ही इतके ओरडलो की खालून मामीने झाऱ्याने ताट बडवलं.

तीनच दिवसांनी आर्सेनलकडून 4-1 मार खाल्ला आणि विगन प्रीमियर लीग या अव्वल श्रेणीबाहेर. नॉकआऊटमध्ये एक रात्र जमली की पुरतं, लीगला 38 सामने टिकावं लागतं. कप जिंकल्यामुळे पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत खेळतानाच ते युरोपा लीग या युरोपभरातल्या क्लबांच्या स्पर्धेतही उतरले, हे आणखी मजेशीर.